सोलरवर लाकडाचा लेथ: मोटर सुरूच होत नाही तेव्हा (माझा अनुभव)

घरापर्यंत विजेची लाईन नाही आणि लाकडाचा लेथ चालवायचा आहे म्हटलं, की दुकानदार एकच विचारतो, "मोटर किती एचपीची?" एक एचपी सांगितलं की दोन केव्हीएचा इन्व्हर्टर पुढे येतो. कातकाम मी माझं मीच शिकले, त्यात फार अडलं नाही. अडलं ते या इन्व्हर्टरपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पॅनेल बसवणं सोपं आहे. 540 वॅटची दोन पॅनेल, 12 व्होल्ट 150 एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे लाईनसारखी वीज देणारा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नका, त्यावर मोटर गुणगुणते आणि तापते.

आता खरी अडचण. सिंगल फेजची एक एचपी मोटर चालताना साधारण 6-7 अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट. 35 अँपिअर धरले तरी 230 व्होल्टवर ते आठ केव्हीए होतात. दोन केव्हीएचा इन्व्हर्टर क्षणभर फार तर दुप्पट भार सोसतो. मग लाल दिवा लागतो आणि सगळं बंद. त्यात फेसप्लेटवर (लेथवर लाकूड धरणारी चकती) ओला, जड ठोकळा असेल तर वेग यायला वेळ लागतो, म्हणजे तो झटका आणखी लांबतो.

सर्व्हिस सेंटर म्हणतं बॅटरी खराब, बॅटरीवाला म्हणतो इन्व्हर्टर खराब, आणि तुम्ही तक्रार क्रमांक घेऊन बसता. वाट बघू नका, स्वतः मोजा. मल्टिमीटर 'मिन-मॅक्स'वर ठेवा, म्हणजे सर्वांत कमी आणि जास्त आकडा तो धरून ठेवतो; साधा मीटर तेवढ्यात पकडत नाही. मोटर सुरू करताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, एकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर. बॅटरीवर 24 व्होल्टच्या वर आणि इन्व्हर्टरपाशी 21-22 दिसलं तर दोष वायरीचा किंवा सैल लगचा (वायरीच्या टोकाचं जोडणीचं कडं): 25 ते 35 चौरस मिमीची तांब्याची वायर, शक्य तितकी आखूड, लग दाबून बसवलेले. बॅटरीवरच व्होल्टेज कोसळलं तर बॅटरी बघा. दोन्हीकडे ठीक असेल तर मोटरचा झटकाच जास्त आहे, आणि कुठलाही मेकॅनिक बोलावून तो कमी होणार नाही.

यावर "पाच केव्हीए घ्या" हा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण महाग आहे, आणि मोठा इन्व्हर्टर रिकामा असतानाही बॅटरी खातो. त्यापेक्षा मोटर बदला: थ्री फेज एक एचपी, आणि तिला सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करणारा आणि विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा. जुनी सिंगल फेज मोटर या व्हीएफडीवर चालत नाही, कारण तिच्यात कपॅसिटर आणि सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर घेताना टर्मिनल बॉक्स उघडून बघाच. आत सहा टोकं हवीत. लहान मोटर 415 व्होल्टसाठी बहुधा स्टारमध्ये (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र) जोडलेली येते. व्हीएफडी 230 व्होल्टच देतो, म्हणून पट्ट्या बदलून डेल्टा (टोकाला टोक, त्रिकोणात) करावं लागतं. दुकानात हे कुणी सांगत नाही. तसंच जोडलं तर मोटर फिरते, पण पटाशी टेकवली की थांबते. प्लेटवर 415 ला 1.8 अँपिअर लिहिलं असेल तर डेल्टात 1.73 ने गुणून सुमारे 3.1 अँपिअर व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये भरायचे.

त्याच सेटिंगमध्ये वेग चढायला 8-10 सेकंद द्या, झटका उरतच नाही. थांबायलाही तेवढेच द्या. घाई केली तर जड लाकूड मोटरला फिरवत राहतं, ती उलट व्हीएफडीत वीज ढकलते आणि तो ओव्हरव्होल्टेजने ट्रिप होतो. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये स्विच लावू नका. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. अर्थिंग चुकवू नका. भुसा आत जाऊन पंखा तुंबतो, म्हणून व्हीएफडी लेथच्या मागे नको, भिंतीवर दूर.

20 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका, मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो. कमी वेगाला बेल्ट लेथच्या बाजूच्या मोठ्या पुलीवर घ्या, ताकदही मिळते. 10 इंची वाडग्याला 600 ते 900 आरपीएम पुरतात. धार लावायचा ग्राइंडरही सुरू होताना झटका देतो. लेथ बंद असतानाच लावा.

या बॅटऱ्यांत 3.6 युनिट मावतात, वापरायचे निम्मेच. लेथ सरासरी 500 वॅट घेतो असं धरलं तर तीन तास मिळतात. कोकणात जून ते सप्टेंबर एवढेही मिळत नाहीत. म्हणून फणस, शिवण यांचं लाकूड उन्हाळ्यातच रफ कातून ठेवा: 10 इंची वाडग्याची भिंत इंचभर जाड, टोकांना मेण, वर कागदाची पिशवी. ऊन आलं की फिनिशिंग.

आणि ओढणी, बांगड्या, मोकळे केस लेथपाशी नकोत. व्हीएफडीवर सुरुवात इतकी हळू आणि बिनआवाजाची होते की मशीन फिरतंय हे पटकन कळत नाही.