नागीण, कसर आणि भोकाची उशी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नागीण तीन भाषांतून येते. मराठी गिऱ्हाईक सांगतं, "मॅडम, बरगडीवर नागीण उठलीय." विणकरांच्या घरातल्या तेलुगू आजी तिला 'सर्पी' म्हणतात, आणि अक्कलकोटकडचे कन्नड लोक 'सर्पसुत्तु'. सुत्तु म्हणजे वेढा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र 'हर्पिस झोस्टर'. सोलापूरच्या पूर्व भागात दुकान चालवायचं तर ही सगळी नावं कळावीच लागतात.

गंमत म्हणजे यातले सर्प आणि हर्पिस एकाच खानदानातले निघतात. हर्पिस आलं ग्रीक 'हर्पेइन'वरून, म्हणजे सरपटणे. लॅटिनमधलं 'सर्पेरे' आणि संस्कृतातला 'सृप्' हे त्याच मुळाचे. आपला सर्प तिथलाच, अंगावर पसरत जाणाऱ्या रोगाला आयुर्वेदात विसर्प म्हणतात तोही तिथलाच. साप-बेडकांच्या अभ्यासाला हर्पेटॉलॉजी म्हणतात, त्यातही हेच सरपटणं. झोस्टर म्हणजे ग्रीकांचा कंबरपट्टा. इंग्रजीतलं शिंगल्सही लॅटिन 'सिंग्युलम'वरून, पुन्हा पट्टाच. म्हणजे 'सर्पसुत्तु' म्हणणाऱ्या मावशी हर्पिस आणि झोस्टर दोन्ही एका दमात म्हणून मोकळ्या होतात.

नावाची भीती मात्र आपल्याकडे जास्त. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, असं अजूनही लोक ठामपणे सांगतात. "मॅडम, बघा की, शेपूट अजून लांब हाय नव्हं?" असं म्हणत एकजण शर्ट वर करून काउंटरला पाठ लावून उभे राहिले होते. मागे पोरं चॉकलेटसाठी थांबलेली! लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि पुढे कधीतरी एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला पसरलेली असते. म्हणून पट्टा बहुधा अर्धाच उठतो, मधली रेघ ओलांडत नाही. शेपूट तोंडापर्यंत पोचणार कुठून? पण गेरूचा लेप लावून, कुणाकडून तरी उतरवून घेऊन मग लोक डॉक्टरकडे जातात, आणि राग येतो तो याचाच. विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. लेप वाळेपर्यंत ते तास गेलेले असतात.

दुसरं आमचं नेहमीचं गिऱ्हाईक गजकर्ण. उन्हाळ्यात घामानं सोलापूर नुसतं खाजवत असतं. याचं डॉक्टरी नाव 'टिनिया'. लॅटिनमध्ये टिनिया म्हणजे कुरतडणारी अळी, कपड्यांना लागणारी कसर. त्या किड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव आजही टिनियाच आहे. इंग्रजीतही रिंगवर्म, म्हणजे तिथेही किडा, आणि प्रत्यक्षात ती बुरशी. नाव चुकीचंच पडलं म्हणायचं. तरी मला ते आवडतं, कारण कसरीची अळी लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन खाते आणि ही बुरशी आपल्या कातडीतलं केराटिन. दोघींचं खाणं एकच! म्हणून सोलापुरी चादरीला ही कसर सहसा लागत नाही, ती सुती. घोंगडीला लागते. घोंगडीसाठी डांबरगोळ्या आमच्याकडेच मिळतात. गजकर्णाला मात्र स्वतःच्या मनानं स्टेरॉइडवालं मलम मागू नका. खाज थांबते, बुरशी फोफावते. मी देत नाही, मग लोक पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

कानात घालायच्या थेंबांच्या बाटलीवर 'ओटिक' असतं. ग्रीकमध्ये कानाला 'ऊस', त्याचंच पुढचं रूप 'ओटोस'. कान सुजला की ओटायटिस. याच कानावरून ग्रीकांनी एका पक्ष्याचं नाव ठेवलं ओटिस, आणि तो आपल्या माळढोकाचा भाऊबंद. माळढोकाचं शास्त्रीय नाव 'आर्डिओटिस नायग्रिसेप्स'. नायग्रिसेप्स म्हणजे काळ्या डोक्याचा. आर्डिआ म्हणजे बगळा. आपल्याकडेही ढोक हे बगळ्या-करकोच्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्याचं नाव. चामढोक, ढोकरी ही त्याचीच नाती. माळावरचा ढोक तो माळढोक. युरोपातल्या पंडिताला बगळा दिसला आणि आपल्या माळावरच्या माणसाला ढोक. माळढोकासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं, दुकानापासून गाडीनं फार लांब नाही. पण आता तिथे माळढोक दिसेलच असं नाही, चिंकारा नाहीतर काळवीट बघून परत यायची तयारी ठेवूनच निघायचं.

पावसाच्या तोंडावर 'पेरते व्हा' ओरडणाऱ्या पावशाचं शास्त्रीय नाव 'हायरोकॉक्सिक्स'. हायरो म्हणजे ससाणा, कॉक्सिक्स म्हणजे कोकीळकुळातला पक्षी. आपलं माकडहाड त्या पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणून ग्रीक वैद्यांनी त्यालाही कॉक्सिक्सच म्हटलं. आपल्याला तिथं माकडाचं शेपूट आठवलं, आणि खरं सांगायचं तर आपलंच नाव शरीराच्या जास्त जवळचं आहे, ते हाड शेपटीचाच उरलेला तुकडा. घसरून त्यावर आपटलेल्यांसाठी कंपन्या 'कॉक्सिक्स कुशन' विकतात. खोक्यावरचं नाव अजून एकाही गिऱ्हाइकानं वाचून मागितलेलं नाही. सगळे 'भोकाची उशी द्या' म्हणतात, आणि मीही बिलावर तेच लिहिते.