रासची कळ स्थिर कधी नसतेच

पेशीतील संदेशवहन समजावून सांगताना रास या प्रथिनाला हमखास विजेच्या बटणाची उपमा दिली जाते: जीटीपी (तीन फॉस्फेट असलेला एक छोटा रेणू) बांधलेला असला की चालू, जीडीपी (तोच रेणू, पण एक फॉस्फेट कमी) असला की बंद. उपमा सोयीची खरी, पण तिच्यामुळे या प्रथिनाच्या दोनच ठरलेल्या आकृती असतात, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

प्रत्यक्षात 188-189 अमिनो आम्लांच्या या छोट्या प्रथिनाचा बहुतेक भाग दोन्ही अवस्थांत जवळपास सारखाच राहतो. हलतात ते मुख्यतः दोन लवचीक पट्टे, स्विच एक आणि स्विच दोन. पहिल्यातील 35 व्या क्रमांकाचे थ्रिओनिन आणि दुसऱ्यातील 60 व्या क्रमांकाचे ग्लायसिन जीटीपीच्या तिसऱ्या फॉस्फेटला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात; तो फॉस्फेट तुटून गेला की ताणलेली स्प्रिंग सुटावी तसे दोन्ही पट्टे सैल पडतात, आणि पुढे निरोप नेणाऱ्या राफसारख्या प्रथिनाला घट्ट बिलगायला जागा उरत नाही. गंमत अशी, की जीटीपी जागेवर असतानाही हे पट्टे स्वस्थ नसतात. फॉस्फरसच्या एनएमआर (चुंबकीय अनुनादाने रेणूंची रचना तपासण्याचे तंत्र) वर्णपटात जीटीपीसदृश रेणू बांधलेल्या रासच्या दोन वेगळ्या स्थिती दिसतात, आणि त्यांपैकी एकीत राफची पकड फारच ढिली असते. म्हणजे ‘चालू’ हासुद्धा एक हेलकावाच.

बंद होण्याचे, म्हणजे तो तिसरा फॉस्फेट तोडण्याचे, काम रास एकट्याने अतिशय सावकाश करते. गॅप नावाचे साहाय्यक प्रथिन आपल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचे जणू बोट रासच्या खाचेत घालते, तेव्हा हा वेग सुमारे लाखपटीने वाढतो. 12 व्या जागेवरील ग्लायसिनऐवजी दुसरे, मोठे अमिनो आम्ल आले की त्या बोटाला नीट बसता येत नाही; कळ चालूच राहते आणि पेशी कर्करोगाकडे झुकते.

अशा रासवर औषध बसवायला पृष्ठभागावर खळगाच नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. 2013 मध्ये स्विच दोनखाली एक खळगा सापडला; पूर्वीच्या स्फटिक-रचनांत तो दिसलाच नव्हता, कारण पट्टा सरकल्याखेरीज तो उघडत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटोरासिब हे औषध तिथेच शिरते आणि 12 व्या जागी आलेल्या सिस्टीनला कायमचे जोडले जाते. मात्र त्यासाठी प्रथिनाला जीडीपी अवस्थेत यावे लागते, आणि हे विशिष्ट उत्परिवर्तित रास अधूनमधून स्वतःहून तिथे येत असते, म्हणूनच ते औषधाच्या तावडीत सापडते.