१८० रुपयांचं सील आणि आमची मारुती

घरच्या अंगणात गाडीचं इंजिन बदललं, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो कारण भेटेल तो तेच विचारतोय. ४०,४०० रुपये. गॅरेजवाल्याने ह्याच कामाचे ४२,००० सांगितले होते, म्हणजे पाच शनिवार-रविवार, दोन्ही हातांची सालपटं आणि घरातली एक बरी चादर खर्ची घालून मी वाचवले १,६००. हसा.

गाडी बाबांची. २००७ ची मारुती ८००, जीए-०४ पासिंग, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कंपनीने २०१४ ला बनवायचीच बंद केली पण आमच्याकडे गोव्यात साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात अजून बऱ्याच फिरतात, आणि पार्टही मिळतात म्हणून लोक सोडत नाहीत. आमची मरायचं कारण मी. डिचोलीहून येताना टेम्परेचरचा काटा वर गेलेला दिसला, पण घर आलंच जवळ, पोचू, असं म्हणत दामटली. रेडिएटरचा खालचा होज फाटला होता, पाणी सगळं रस्त्यावर. घरी येऊन बंद केली ती केलीच. दुसऱ्या दिवशी ऑइलचं झाकण उघडलं तर आतून चहावरची साय चिकटावी तसा पांढरट लगदा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्यामधलं पॅकिंग, गेलं, पाणी ऑइलमध्ये, हेड वाकलेलं, बोअरला (पिस्टन वर-खाली होतो त्या नळीला) ओरखडे.

गॅरेजवाला म्हणाला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेड फेसिंग हे सगळं करायचं तर मशीन शॉपवर पंधरा दिवस आणि नक्की किती होईल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, त्यापेक्षा जुनं चालू इंजिन बसवू, सगळं धरून ४२. भंगारवाला अख्ख्या गाडीचे वीस देत होता. बाबा सोप्यावर बसून म्हणाले, "विकायची नाही." विषय संपला. मग माझा चुलतभाऊ, जो पणजीला बँकेत आहे आणि चार व्हिडिओ बघून फिटर झालाय, तो म्हणाला आपण घरीच करू रे, इंजिन म्हणजे काय, बोल्ट काढायचे आणि बोल्ट लावायचे.

इंजिन बेळगावला मिळालं. चोर्ला घाटाने गेलो, सोबत शेजारचे फिटरमामा. हे मामा खाणी चालू असताना टिप्परवर फिटर होते, २०१२ ला खाणी बंद, मग थोड्या चालू, २०१८ ला परत बंद, तेव्हापासून घरीच बारीकसारीक कामं घेतात. ते नसते तर हा ब्लॉग नसता, फक्त भंगारवाल्याचे वीस हजार असते. स्क्रॅपवाल्याकडे रांगेत आठ-दहा इंजिनं. त्याने आधी ऑल्टोचं दाखवलं, ते पण ७९६ सीसीच, पण त्याला वाल्व्ह बारा आणि आमच्या ८०० ला सहा, सेन्सर-वायरिंग सगळं वेगळं, मामांनी हातानेच नको केलं. मग ८०० चं मिळालं. मामांनी तिन्ही प्लग काढले, पुढच्या पुलीवर सॉकेट लावून मला फिरवायला सांगितलं आणि स्वतः प्लगच्या भोकावर अंगठा दाबून बसले. अंगठा फट्‌ करून उडाला की ते मान डोलवायचे. तिन्हीला उडाला. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवून बघितलं, लगदा नाही. वीस सांगितले, १७,००० ला दिलं, वर बिल मागितलं तर त्याने असं बघितलं की जणू मी त्याची किडनी मागितली. पण बिल घ्याच, का ते शेवटी सांगतो. पिकअपचं भाडं ४,५००, म्हणजे इंजिनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नुसतं घाट उतरवायला.

खरा खर्च सुरू होतो इंजिन अंगणात आल्यावर. आता उघडलंच आहे तर, हे वाक्य सगळ्यात महाग आहे. उघडलंच आहे तर क्लच सेट टाकू, ३,२००. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, १,४००, हे मात्र टाकाच, इंजिन बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम आहे आणि जुना बेल्ट किती चाललाय ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं. वॉटर पंप ११००, कारण पाण्यानेच मेली होती. तिन्ही माउंटिंगचं रबर तडकलेलं, १,५००. गॅस्केटं, होज, क्लिपा मिळून १,९००. ऑइलं, फिल्टर, कूलंट २,२००. आणि पाने-सॉकेट ३,८०० चे, हा खर्च मी घरी सांगताना "ते आयुष्यभर राहतात" असं म्हणतो.

इंजिन लटकवायचं कशाला हा मोठा प्रश्न होता. चुलतभाऊ म्हणाला गोठ्याच्या वाशाला. मामांनी वाशावर पान्याने टकटक केलं, वरून भुसा पडला, वाळवी. मग मांडववाल्याकडून तीन जाड जीआय पाईप आणून तिकाटणं केलं आणि मामांच्या टिप्परच्या काळातला चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) त्याला लावला. आणखी एक, गाडी जॅकवर चढवून खाली टेकूला चिरे लावायला निघालो होतो, आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात ना. मामा ओरडलेच. चिरा भिंतीत भार घेतो पण असा एका जागी टोचून वजन आलं की फुटतो, आणि फुटताना सांगत नाही. लाकडाचे जाड ठोकळे लावले, चाकं काढून ती पण गाडीखाली सरकवली. हे कोणी करणार असाल तर एवढं तरी ऐका.

काढण्यात पहिला शनिवार-रविवार गेला. बॅटरी, रेडिएटर, ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबली, सायलेन्सरचा पाईप, ड्राइव्ह शाफ्ट. एसीचा कॉम्प्रेसर गॅस न सोडता तसाच सुतळीने बाजूला बांधला, नाहीतर गॅस भरायचे अजून पैसे. वायरिंगच्या सॉकेटवर कागदी टेप लावून पेनने नंबर टाकले होते, मे महिन्याचा घाम, दुपारपर्यंत सगळी शाई पुसली. मग बायकोचं नेलपॉलिश. लाल, गुलाबी आणि एक कसलातरी वांगी रंग, सॉकेटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा ठिपका, जिथे रंग संपले तिथे दोन ठिपके. बसवताना एक पण वायर चुकली नाही, अख्ख्या कामातली माझी स्वतःची हुशारी म्हणाल तर तेवढीच. (नेलपॉलिशचे पैसे हिशोबात धरलेले नाहीत, ते वेगळे भरले.)

आता सील. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, त्याच्या मागच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या (टोकाच्या जड चाकाच्या) आत, एक रबरी ऑइल सील असतं. फ्लायव्हील काढलं की दिसतं, बांगडीएवढं. नवीन क्लच लावायच्या आधी मामांनी बोट लावून बघितलं, म्हणाले, "बाबू, तें सील बदल मरे. सगळें उक्तें आसा, मागीर कित्याक रावता?" (सगळं उघडंच आहे, मग थांबतोस कशाला?) शनिवारची संध्याकाळ, साखळीत मिळालं नाही, म्हापशात एका दुकानात होतं, फोनवर १८० रुपये म्हणाला, पण दुकान बंद करत होता आणि उद्या रविवार. चुलतभाऊ म्हणाला बघ की, कोरडं आहे, एक थेंब नाही. खरंच कोरडं होतं. कोरडं असणारच, ते इंजिन किती दिवस रांगेत पडलेलं, आत ऑइलच नव्हतं, गळणार काय कपाळ! हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मामा दुसऱ्या दिवशी लग्नाला जाणार होते. आम्ही दोघांनी सील तसंच ठेवून फ्लायव्हील लावलं, त्यावर क्लच.

क्लचची प्लेट बरोबर मधोमध बसवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. त्याचं टूल मिळतं, आमच्याकडे नव्हतं, झाडूच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळत गुंडाळत मापाचा केला. तरी दोन तास गेले. इंजिन चेनवर लटकतंय, एकजण खालून गिअरबॉक्स धरून, एकजण वरून इंजिन मिलिमीटर-मिलिमीटरने हलवतोय, बोटभर फट राहते आणि ती जात नाही, पाठीखाली चादर आणि चादरीखाली मुंग्या. बाबा सोप्यावरून, "बसलं का?" दर पाच मिनिटांनी. बोल्ट आवळून ओढून घ्यावं असा मोह होतो, ते करायचं नाही, गिअरबॉक्सचा बोल्टचा कान तुटतो. शेवटी चुलतभावाने वैतागून फ्लायव्हील जरासं फिरवलं आणि शाफ्टचे दाते जुळले, खट्‌. एवढासा आवाज. मी तिथेच आडवा झालो.

चौथ्या रविवारी चालू केली. किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. बॅटरी बघितली, स्टार्टर बघितला, अर्ध्या तासाने दिसलं की गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची केबल लावायचीच राहिली. ती लावली, प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसतं स्टार्टरने इंजिन फिरवलं म्हणजे ऑइल वर चढतं, मग प्लग लावले आणि दुसऱ्या झटक्याला सुरू. तीन सिलिंडरचा तो थडथड आवाज, बाबा चप्पल न घालता अंगणात आले. आईने नारळ फोडला. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा काढली, थर्मोस्टॅट उघडला, पंखा फिरला, सगळं व्यवस्थित.

सोमवारी सकाळी गाडीखाली ऑइलचं तळं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून, बरोबर तिथून.

मामा आले, खाली वाकून बघितलं, म्हणाले, "हांवें सांगिल्लें." त्यावर एक शब्द जास्त नाही. तो एक शब्द जास्त बोलले असते तर बरं झालं असतं.

परत गिअरबॉक्स खाली. परत शाफ्ट, केबली, माउंटिंग, तिकाटणं, झाडूचा दांडा. तोपर्यंत मृग लागला, पावसाने ताडपत्री फाडली, गाडीच्या उघड्या तोंडावर आम्ही दोघे छत्र्या धरून आणि मामा आत हात घालून. सील १८०, आणि गिअर ऑइल सांडलं ते नवीन ६२०. आठशे रुपये आणि अख्खा शनिवार-रविवार. मामा पैसे घेत नव्हते, बळेच ३,००० दिले, खरं तर कमीच आहेत. बेरीज करून बघा, ४०,४०० होतात. ऑफिसला पाच आठवडे बसने गेलो ते आणि दर रविवारी तीन माणसांचं माशाचं जेवण ह्यात नाही, ते धरलं तर गॅरेजवाला स्वस्त पडला. तरी परत करीन का विचारलंत तर दुसऱ्याच्या गाडीचं करीन, स्वतःच्या नको.

आता बिलाचं. आरसीवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की तो जुळत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करण्याचे नियम आहेत, म्हणजे आरटीओत नोंद करून घ्यावीच लागते. नाहीतर उद्या ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा. आमची तर १५ वर्षं २०२२ ला संपून पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं, २०२७ ला परत तपासणी आहेच. अर्ज दिला, बिल जोडलं, सोमवारी गाडी दाखवायला बोलावलंय.

काल नंबर दिसावा म्हणून ब्लॉकवरची काळी चिकट पुटं रॉकेल लावून ब्रशने घासली. बाकी सगळे आकडे बिलाशी जुळतात, शेवटून दुसरा सोडून. बिलावर तो ८ आहे. मी मोबाईलचा टॉर्च मारून चारही बाजूंनी बघितलं, मला ३ दिसतो. चुलतभावाला पण ३ दिसतो. बाबांना चष्मा लावून दाखवला, ते म्हणाले ८ च आहे, घास अजून.