टिना वादळाने उडाल्या, विमा एका शब्दाने अडला : माझा अनुभव

आधी एवढं वाचून घ्या, बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल. वादळात घराचं नुकसान झालं असेल आणि घराचा विमा असेल, तर दाव्याच्या फॉर्मवर 'नुकसानीचं कारण' या रकान्यात 'चक्रीवादळ' लिहू नका. 'वादळ' लिहा. पुढे तारीख, वेळ आणि डोळ्यांना जे दिसलं तेवढंच. 'चक्री' या दोन अक्षरांपायी माझा दावा अडीच महिने पडून राहिला. पैसे मिळाले, पण राग अजून गेलेला नाही.

घर नागपुरात, हुडकेश्वरच्या अंगाला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं आणि गच्चीवरचं दहा बाय बाराचं टिनाचं शेड चौकटीसकट उचलून मागच्या रिकाम्या प्लॉटवर पडलं. जाताना सोलरच्या दोन प्लेटा, पाण्याची टाकी आणि कठड्याचा एक कोपरा घेऊन गेलं. कंपनीला फोन केला, दावा क्रमांक मिळाला, तिसऱ्या दिवशी नुकसान तपासणारे सर्वेअर घरी आले. इथपर्यंत काहीच त्रास नव्हता.

सर्वेअरने फॉर्म वाचला आणि गाडी थांबली. "त्या दिवशी नागपुरात चक्रीवादळ नव्हतं. हवामान खात्याचा दाखला आणा, मग पुढचं बघू." त्या संध्याकाळी मोबाइलवर जो तो 'नागपुरात चक्रीवादळ' म्हणून व्हिडिओ पाठवत होता, कोणी त्यालाच 'टोर्नेडो' म्हणत होतं. फॉर्म भरताना तोच शब्द हातून उतरला. शब्द चुकीचा होता हे खरंच. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस चालतं, त्याला नाव दिलं जातं. नागपूरपर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा त्याचा उरलेला पाऊस. पण शब्द चुकला म्हणून मोडलेलं शेड जागेवर परत येत नाही, आणि हे समजावून सांगण्यातच माझे अडीच महिने गेले.

दाखल्यासाठी सोनेगावला विमानतळाजवळच्या प्रादेशिक हवामान केंद्रात अर्ज केला. तारीख, वेळ, ठिकाण आणि कारण लिहून, ठरलेलं शुल्क भरून वेधशाळेची नोंद मिळते. नोंद मिळाली, आणि तिनेच घोटाळा वाढवला. विमानतळावरच्या यंत्राला त्या तासात वारा साधाच लागला होता. केंद्राची यात काही चूक नाही. जे यंत्राने मोजलं तेच ते देणार, आणि यंत्र आमच्या घरापासून कित्येक किलोमीटरवर. कंपनीच्या कार्यालयाने मात्र त्यावरून सरळ निष्कर्ष काढला की त्या दिवशी नुकसान करण्याएवढा वारा नव्हताच. फाइल 'कागदपत्रे अपूर्ण' अशी पडून राहिली. दर आठवड्याला फोन केला की नवा माणूस बोलायचा आणि दाखल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागायचं.

इथे आपल्याकडचं वादळ नीट समजून घ्यायला हवं, कारण शेवटी त्यानेच दावा सुटला. एप्रिल-मेच्या दुपारी कोरड्या उन्हात मोकळ्या मैदानावर धूळ गरगरत उठते, ती वावटळ. तिच्यात भूत असतं असं गावाकडे म्हणतात, पण तिच्यावर ढगही नसतो. तापलेल्या जमिनीवरून ती उठते आणि काही मिनिटांत विरते. टोर्नेडो वेगळा. तो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा फिरता खांब असतो. आपल्या उपखंडात तो मुख्यतः पूर्वेकडे होतो. बांगलादेशात दौलतपूर-सातुरिया भागात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडीतल्या मैनागुडीला ३१ मार्च २०२४ ला त्याने झोडपलं. दिल्लीतही १७ मार्च १९७८ ला तो उतरला होता. नागपुरात टिना उडवतो तो बहुतेक वेळा यातला कोणीच नसतो. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो, त्याने हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की बादली उपडी केल्यासारखी चारी बाजूंना पसरते. असा लहान झोत चार किलोमीटरच्या आतच असतो आणि काही मिनिटांत संपतो. एका वस्तीत कडुनिंब उपटून पडतो आणि पलीकडच्या वस्तीत दोरीवरचे कपडे तसेच राहतात. सोनेगावच्या यंत्राला तो लागला नाही यात नवल काहीच नव्हतं.

टोर्नेडो आणि हा झोत यांतला फरक पडझडीवरून ओळखतात. टोर्नेडोची मोजपट्टी १९७१ मध्ये ज्यांनी मांडली त्या फुजिता यांनीच विमानातून पडझडीचे फोटो काढून हे दाखवलं. झाडं एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला पसरून पडली असतील तर तो सरळ झोत. अरुंद पट्ट्यात एकमेकांवर, आतल्या बाजूला वळून पडली असतील तर फिरता वारा. मी हेच केलं. शेजारच्या चार गल्ल्या पायी फिरलो, उन्मळलेलं प्रत्येक झाड, वाकलेला खांब, उडालेला टीन कुठून कुठे पडला ते मोबाइलच्या होकायंत्रावर बघून वहीत लिहिलं, फोटो काढले. अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ वायव्येकडून आग्नेयेकडे. नकाशाच्या झेरॉक्सवर अकरा बाण काढले. हे दुसऱ्याच दिवशी करा. मी तिसऱ्या आठवड्यात केलं, तोवर महापालिकेच्या लोकांनी अर्धी झाडं कापून नेली होती आणि शेजाऱ्यांच्या जुन्या फोटोंवर भागवावं लागलं.

बाणांसोबत तीन कागद जोडले. परिसरात झाड पडल्यावर अग्निशमन दल येतं, त्या कॉलच्या नोंदीचा उतारा अर्ज करून मिळतो. नाही दिला तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागा, पण त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. दुसरा कागद महावितरणकडून वीज गेल्याच्या आलेल्या एसएमएसचा स्क्रीनशॉट, त्यात वेळ असते. तिसरा, त्याच वेळी नुकसान झालेल्या दोन शेजाऱ्यांचे सहीनिशी जबाब.

पण गाठ खरी सुटली ती पॉलिसी वाचल्यावर. पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. माझी पॉलिसी 'भारत गृह रक्षा'. हा साचा १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि सगळ्या कंपन्यांचा मजकूर सारखाच असतो. त्यात वादळ, चक्रीवादळ, तुफान, टोर्नेडो, पूर हे सगळे धोके एकाच ओळीत दिलेले आहेत. वाऱ्याचा किमान वेग कुठेही लिहिलेला नाही. 'इमारत' या शब्दात कंपाउंडची भिंत, व्हरांडा, पक्की बसवलेली पाण्याची टाकी आणि सोलर पॅनलसुद्धा येतात. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानाचं पत्र लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'चक्रीवादळ' ऐवजी 'वादळ' अशी दुरुस्ती मागितली. वेगाचा दाखला पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली लागतो ते लेखी कळवा, असं विचारलं. आणि विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, ज्यात कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावरून दावा नाकारता येत नाही आणि दाव्याशी थेट संबंध असलेलेच कागद मागता येतात असं म्हटलं आहे. फोनवर दहा वेळा बोलून जे झालं नाही ते या पानाने झालं. कलम कोणी दाखवलं नाही, सर्वेअर पुन्हा आले. त्यांनी बाणांचा नकाशा दहा मिनिटं शांतपणे पाहिला. त्या दहा मिनिटांत जेवढं बरं वाटलं तेवढं पैसे आल्यावरही वाटलं नाही.

उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते. कंपनीला लेखी तक्रार करून महिना झाला की विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही.

दुसऱ्या भेटीत नवा मुद्दा निघाला : हूक गंजलेले होते, म्हणजे ही झीज, वादळ नव्हे. याला आकड्यांनी उत्तर द्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, दाब ३७५ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३८ किलो. दहा बाय बाराचं शेड ११ चौरस मीटरचं, त्यावर वर ओढणारा जोर सव्वाचारशे किलोच्या आसपास. टिनांचं स्वतःचं वजन जेमतेम पन्नास किलो. शेड तिन्ही बाजूंनी उघडं असेल तर खालूनही हवा ढकलते, जोर आणखी वाढतो. नवे हूक असलेली शेजारची दोन शेडंही त्याच संध्याकाळी गेली होती, त्यांचे फोटो दाखवल्यावर हा मुद्दा मिटला. तुटलेले हूक, नट आणि एक वाकलेला टीन पैसे खात्यात येईपर्यंत भंगारात देऊ नका.

नवं शेड घालताना काही गोष्टी मिस्त्रीकडून हट्टाने करून घेतल्या. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मिस्त्री तेवढं धरून काम करत नाहीत. सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना बसते, त्यामुळे मधल्या भागात पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, चार फुटांवर चालतील, पण कडेची अडीच फुटांवर घ्या आणि कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट मारा. स्क्रूखाली रबरी वॉशर हवाच. पत्रा बाहेर फूटभरापेक्षा जास्त काढू नका. खांबाच्या बेसप्लेटला १२ मिमीचे चार अँकर बोल्ट, आणि ते स्लॅबमध्ये, शक्यतो खाली बीम असेल तिथे. आमचे जुने दोन खांब कठड्याच्या विटांत रोवलेले होते, सुरुवात तिथूनच झाली. टिनांवर दगड, टायर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. चारशे किलोच्या ओढीपुढे दहा किलोचा दगड काय करणार? तोच उडून कोणाच्या तरी डोक्यात बसतो.

माणसं कशी वागतात तेही त्या दिवशी पाहिलं. अर्धी गल्ली कपडे काढायला आणि कूलर झाकायला गच्चीवर धावली, उरलेली बाल्कनीत मोबाइल धरून उभी. टीन उडतो तो याच वेळी. धुळीची भिंत दिसली की कपडे जाऊ द्यात, खाली या. कूलरचा प्लग काढा. स्लॅब असलेल्या खोलीत, खिडकीपासून लांब बसा, न्हाणीघर सगळ्यात बरं. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडायच्या असं काही लोक सांगतात, ते चूक आहे. हवा आत शिरली की छपराला खालूनच धक्का बसतो. निंबाखाली, होर्डिंगखाली गाडी लावून थांबू नका. तुटलेली तार दिसली तर १९१२ वर कळवा. हवामान खात्याचा तात्काळ इशारा पुढच्या तीन तासांचा असतो, विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे. त्या दुपारी इशारा आलेला होता, मी पाहिलाच नव्हता.

आणि एक राहिलंच. घरावर कर्ज असेल तर पॉलिसीत बहुधा बँकेचं नाव असतं आणि रक्कम आधी बँकेकडे जाते, किंवा तुमच्या खात्यात हवी असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं. मंजुरी आल्यावर हे कळलं. पत्र मिळायला आणखी बारा दिवस गेले. ते दावा क्रमांक मिळाल्याच्या दिवशीच मागून ठेवा.