हळदीच्या गावातलं पिवळं इंजेक्शन

शनिवार, रात्री साडेनऊ

जेवणं झाली, ओटा आवरला. इंजेक्शनला अजून अर्धा तास आहे आणि मळमळ दुपारपासूनच सुरू आहे. औषध कपाटात आहे, त्याचा थेंबही अजून अंगात गेलेला नाही, तरी तोंडाला पाणी सुटतंय आणि जिभेवर ती पत्र्यासारखी चव आली आहे. मागच्या वर्षापर्यंत हे रविवारी सकाळी व्हायचं. मग शनिवारी रात्री व्हायला लागलं, मग संध्याकाळी. आज सकाळची शाळा सुटून मी घरी येत होते, चपला काढायच्या आधीच पोटात ढवळलं.

दर शनिवारी मेथोट्रेक्झेट, माझ्या आमवाताचं औषध, 15 मिलिग्रॅम. भरलेली सिरिंज मिळते, मोजायचं काही नसतं. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडीची चिमूट धरायची आणि टोचायचं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. 2019 पासून मी हे स्वतःच करते. त्याआधी वर्षभर याच्याच गोळ्या होत्या, त्या पोटाला झेपल्या नाहीत. सुईची भीती पहिल्या महिन्यातच गेली. मुंगी चावावी एवढंच दुखतं. त्या ऑगस्टच्या महापुरात घर सोडून नणंदेकडे गेलो तेव्हा दागिन्यांच्या आधी मी सिरिंजचा डबा उचलला होता.

मला त्रास आहे तो रंगाचा. हे औषध पिवळं असतं, लख्ख पिवळं. आणि मी सांगलीत राहते.

रविवार, संध्याकाळ

दिवसभर पडून होते. आता जरा बरं वाटतंय म्हणून वही घेतली.

रविवार कसा असतो ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण विचारलं की मी नेहमी ‘थोडा थकवा येतो’ एवढंच सांगते. तो थकवा नसतो. झोप झालेली असते पण अंगात कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं जड वाटतं. डोकं चालत नाही. सासूबाईंनी विचारलं, कुकर लावू का, तर त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला मला क्षणभर थांबावं लागतं. महिन्यातून एकदा तरी तोंड येतं, मग तिखट दूरच, साधी भडंगाची मूठसुद्धा खाता येत नाही. केस गळतात. वेणी होती, आता अंबाड्याला जाळी लावते. हे सगळं मी सोसू शकते, सोसलंही आहे.

पण पिवळ्याचं काय करू?

फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात आहेत. हे अडतीवर दिवाणजी आहेत. संध्याकाळी घरी आले की आधी हळदीचा वास येतो, मग माणूस दिसतो. शर्टाच्या कॉलरला, नखांच्या कडेला, हिशेबाच्या वहीच्या पानांना, सगळीकडे हळद. माझं माहेर हरिपूरचं. आजोबा पेवांवर कामाला होते. जमिनीत खोल खणलेली ती पेवं, त्यांत पोत्यांनी हळद भरून ठेवायची आणि वर्षं-वर्षं ती तशीच चांगली राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. 2005 च्या पुरात बहुतेक पेवं गेली. पण माझ्यासाठी तो वास म्हणजे आजोबांचं धोतर, दुपारची झोप आणि माहेर होता.

आज यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि मी बाथरूमकडे धावले.

हे दारापाशी उभे राहिले. काही बोलले नाहीत. नंतर शर्ट बाहेर नेऊन बादलीत भिजवला, स्वतःच धुतला. मी खिडकीतून बघत होते. पाणी पिवळं होऊन मोरीकडे जात होतं आणि मला इतकं वाईट वाटलं की ते लिहिताही येत नाही. ज्या रंगावर आमचं घर चालतं, तोच मला नकोसा झाला आहे आणि मी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. दोन महिने झाले, रविवारी मी वरण करत नाही, आमटीच करते, काळ्या मसाल्याची. सासूबाईंना वाटतं मला वरणाचा कंटाळा आला आहे.

सोमवार

शाळेत बरं होतं. फळ्यावर सगळी बाराखडी लिहिली, एकदाही हात न थांबवता.

हे मला मुद्दाम लिहायचं आहे. 2018 साली मला खडू धरता येत नव्हता. सकाळी उठलं की दीड-दोन तास बोटं मिटत नसत. दुधाची पिशवी सासूबाई फोडून द्यायच्या, लेकीच्या वेण्या शेजारच्या काकू घालायच्या. सगळे म्हणायचे वात आहे, तेल लाव. मग निदान झालं, ऱ्हुमॅटॉइड, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उठते. मेथोट्रेक्झेटनं ती फौज आवरली. माझे हात मला या पिवळ्या पाण्यानं परत दिले, यात मला तिळभर शंका नाही.

म्हणूनच तक्रार करायची लाज वाटायची. ज्यानं हात दिले त्याच्याबद्दल कुरकुर कसली? पण आता वाटतं, हा हिशेबच चुकीचा आहे. औषधाचे उपकार आणि औषधाचा त्रास या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली जमा दाखवून दुसरीतला खर्च पुसायला गेले आणि त्यातूनच जानेवारीतली चूक झाली.

जानेवारीत मी लागोपाठ दोन शनिवार इंजेक्शन घेतलंच नाही. कुणाला सांगितलं नाही. आतल्या खोलीत गेले, पाच मिनिटं बसले, बाहेर आले. पहिला रविवार इतका सुंदर गेला की मी चक्क थालीपीठं केली. तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची मुळं सुजली, बांगडी चढेना. मग घाबरून पुन्हा सुरू केलं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बुधवार

मिरजेला जाऊन आले. तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या होत्या: पेशी, यकृतासाठी एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. मागे एकदा एसजीपीटी 92 वर गेलं होतं, तेव्हा काही आठवडे डोस कमी केला होता. या वेळी सगळं ठीक आहे.

पूर्वी ज्यांच्याकडे जायचे त्यांना मी एकदा रंगाचं सांगितलं होतं. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, हे मनाचे खेळ असतात. त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. एका वाक्यानं माणूस किती वर्षं गप्प बसतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

आताच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, “डोस चुकतो का हो कधी?” रागाचा सूर नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. दोन शनिवार, शर्ट, वरण, सगळं. हे शेजारी बसले होते, त्यांनीही तेव्हाच ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, हे त्यांना नवीन नाही. औषध घेण्याच्या आधीच येणारी मळमळ मेथोट्रेक्झेटवरच्या रुग्णांमध्ये चांगली माहीत आहे, लहान मुलांत तर जास्तच. काही मुलं पिवळा रस किंवा पिवळी गोळी दिसली तरी उलटी करतात. शरीर शिकतं. दर आठवड्याला एका रंगामागून त्रास आला की ते रंगालाच त्रास समजायला लागतं. “तुम्ही नाटक करत नाही आहात,” असं ते म्हणाले आणि मला तिथेच रडू आलं.

इंजेक्शनच्या तासभर आधी मळमळीची गोळी लिहून दिली. फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदा होती ती दोनदा केली, इंजेक्शनचा दिवस सोडून. सिरिंजचा रंग दिसणार नाही अशी सोय करा म्हणाले. आणि मळमळ किती वाजता सुरू होते ते दर शनिवारी लिहायला सांगितलं. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर दुसरी औषधं आहेत, पण मनानं बंद करायचं नाही. मी कबूल केलं.

येताना बसमध्ये हे म्हणाले, “दुकानात दुसरा शर्ट ठेवतो. तिथेच बदलून येत जाईन.” मग बराच वेळ बाहेर बघत राहिले. विश्रामबाग आल्यावर म्हणाले, “जानेवारीत सांगायचं होतंस गं.”

गुरुवार, रात्र

लेकीचा फोन. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं तर तासभर बोलली, मी तिला इतकं बोलताना क्वचितच ऐकलं आहे.

मेथोट्रेक्झेट रेणूच्या घडणीत फॉलिक अ‍ॅसिडसारखंच असतं म्हणे. इतकं सारखं, की पेशी फसते आणि ते आत घेते, मग फॉलिकचं काम अडतं. म्हणून तर शनिवारी हे आणि मधल्या वारी ते. आणि दोन्ही पिवळी. मी म्हटलं, दोन्ही पिवळी कशी? तर त्या दोघांच्या रेणूत एक सारखा भाग असतो, त्या कुळातली द्रव्यं पहिल्यांदा सापडली ती फुलपाखरांच्या पंखांत. पिवळ्या फुलपाखराचा रंगही त्याच कुळातला.

मी ते ऐकून गप्पच झाले. सहा-सात वर्षं मी फुलपाखराच्या कुळातलं काहीतरी टोचून घेते आहे आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं सांगितलं. आंध्रातल्या भीमावरमचे, अमेरिकेत गेले. फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या आणि त्याच्याविरुद्ध काम करणारी ही औषधं घडवणाऱ्या गटाचे प्रमुख तेच. 1948 साली गेले. तेव्हा ही औषधं रक्ताच्या कर्करोगासाठी होती. आमवातासाठी अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली ती 1988 मध्ये. आणि त्याच्याही आधी, 1928 च्या सुमाराला, लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. गिरण्यांमधल्या गरोदर बायकांना रक्तक्षय का होतो ते शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांना दिसलं आणि त्या अर्कातलं ते ‘काहीतरी’ म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अ‍ॅसिड.

फोन ठेवल्यावर मी फॉलिकची गोळी हातात घेतली. पिवळीच. मुंबईच्या गिरणीतली ती फिकट चेहऱ्याची बाई डोळ्यांसमोर आली, माझ्या पणजीच्या वयाची. गोळी पाण्याबरोबर घेतली. मळमळ झाली नाही. गोळीनं कधी होतच नाही, हे आजच लक्षात आलं.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं ‘आठवड्यातून एकदाच, शनिवारी’ असं लिहिलेलं आहे, ते पुन्हा गिरवलं. हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. त्याखाली आज अजून एक ओळ घातली: कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी मेथोट्रेक्झेटचं सांगायचं, साध्या लघवीच्या जंतुसंसर्गाला गेलं तरी. काही अँटिबायोटिक्स याच्याबरोबर चालत नाहीत. माझ्यानंतर ही वही सासूबाईंच्या किंवा यांच्या हाती पडली तरी त्यांना कळलं पाहिजे.

शनिवार, रात्री पावणेअकरा

दुपारी सासूबाईंनी हाक मारली. मशीनवर बसून त्यांनी खणाच्या उरलेल्या तुकड्याची एक नळी शिवली होती, करंगळीएवढ्या रुंदीची, जांभळी, नारळी काठाची. “सिरिंजेला घाल,” म्हणाल्या. यांनी त्यांना सांगितलं असणार. सुईकडची बाजू उघडी ठेवली होती, दट्ट्यालाही कुठे अडत नव्हतं. वापरलेल्या सिरिंजा मी फिनेलच्या जाड बाटलीत टाकते, माप घ्यायला त्यातली एखादी काढलीत की काय, असं मी घाबरून विचारलं. तर नाही, पेन घेतलं होतं मापाला.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मंगळवारी करायचं ठरलं. मी म्हणाले, आंब्याची डाळ तुम्ही करा, पन्हं मी करते. सासूबाई म्हणाल्या, डाळीत हळद नको घालूया या वर्षी. मी म्हटलं, घाला. मी खाईन न खाईन, गौरीला कशाला बिनहळदीची?

नऊ वाजता गोळी. दहाला इंजेक्शन, उजव्या बाजूला. खिडकी उघडी ठेवली होती. जांभळ्या खणातून काहीच दिसलं नाही, काठ मात्र दिसत होता आणि मी तोच बघत राहिले. दट्टा शेवटपर्यंत दाबला, दहा आकडे मोजले, सुई काढली. बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नोंद: मळमळ आज सुरू झाली दुपारी चार वाजता. मागच्या शनिवारी साडेबारा.