बाळाचं डोकं लांबट असेल तर आधी वरून बघा

बाळाचं डोकं लांबट दिसलं की घरात दोन गोष्टी ठरलेल्या: मोहरीची उशी आणि "मालिशने होईल गोल". बाळंतपणातल्या दाबाने आलेला आकार काही आठवड्यांत खरंच निवळतो. पण कवटीच्या हाडांमधला सांधा वेळेआधी जुळला असेल, म्हणजे क्रॅनिओसायनोस्टोसिस असेल, तर तेलाने काही होत नाही, नुसते मोलाचे महिने जातात. साधारण दोन-अडीच हजार बाळांमागे एकाला हे असतं.

सगळ्यात जास्त जुळतो तो टाळूपासून मागे जाणारा सॅजिटल सांधा. मग डोक्याची रुंदी वाढत नाही, वाढणारा मेंदू पुढे-मागे जागा करतो आणि डोकं होडीसारखं होतं. बाळाला मांडीवर धरून वरून बघा आणि माथ्यावरून बोट फिरवा. जुळलेल्या सांध्यावर कडक कंगोरा लागतो. रुंदीला लांबीने भागून शंभरने गुणा: रुंदी ९.३ सेंमी आणि लांबी १३.७ सेंमी असेल तर गुणोत्तर येतं ६८. ७५ च्या खाली आलं की दाखवायलाच हवं. टाळू उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सांधा जुळलेला असतानाही ती उघडी असू शकते.

मागून एका बाजूला चपटं डोकं असेल तर कान बघा. एका कुशीवर झोपून चपटं झालं असेल तर त्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो, कपाळही त्याच बाजूला पुढे येतं. तिथे कूस बदलणं आणि जागेपणी पोटावर ठेवणं बहुतेकदा पुरतं. मागचा सांधा जुळला असेल तर कानामागे खाली फुगवटा येतो. हा प्रकार फार दुर्मिळ. हाताची किंवा पायाची बोटं जोडलेली असतील तर जनुकीय तपासणीही लागते.

पहिल्या काही महिन्यांत सांध्याची सोनोग्राफी करता येते, त्यात किरणांचा प्रश्न नाही. सीटी बहुधा शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी.

वय इथे फार महत्त्वाचं. तीन-चार महिन्यांच्या आत पोहोचलात तर दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून सांध्याची पट्टी काढता येते. पुढे काही महिने दिवसाचे २३ तास हेल्मेट. उशीर झाला तर कवटी उघडून हाडांची फेरमांडणी, बहुधा सहा ते बारा महिन्यांत. सहा किलोच्या बाळात रक्त जेमतेम ४८० मिली असतं. शंभर मिली गेलं तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून रक्त आधीच जुळवून ठेवतात, आणि लहान मुलांचा भूलतज्ज्ञ असलेलंच केंद्र निवडावं.

हेल्मेट काढल्यावर रोज त्वचा बघा. तासाभरात लाली गेली नाही तर हेल्मेट आतून घासून घ्यावं लागतं. आणि ऑपरेशन छान झालं तरी डोळ्यांचा पडदा तपासायच्या तारखा चुकवू नका, कवटीतला दाब पुन्हा वाढला तर कधीकधी तो तिथेच पहिल्यांदा दिसतो.