दोन पत्रांमध्ये अडकलेली ग्रंथालय भेट

सातवीच्या ४८ मुलांना आमच्या पेठेजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात दोन तास घेऊन जायचे, एवढाच माझा बेत होता. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन डोळ्यांसमोर ठेवून मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. प्रत्यक्ष भेट मात्र नोव्हेंबरच्या अखेरीस झाली, आणि त्या उशिराचा राग अजून ओसरलेला नाही.

मुख्याध्यापकांची मान्यता व पालकांची संमतीपत्रे आठवड्याभरात मिळाली. अडले ते पुढे. मुले शाळेबाहेर येणार असल्याने आधी शिक्षण कार्यालयाची परवानगी आणा, असे ग्रंथालयाने सांगितले. कार्यालयातील लिपिकांनी अर्ज चाळून विचारले, “बाई, ग्रंथालयाचे संमतीपत्र कुठे आहे?” ते जोडल्याशिवाय प्रकरण पुढे सरकणार नव्हते, आणि परवानगी हाती पडल्याशिवाय ग्रंथालय संमती देणार नव्हते. तिसऱ्या फेरीत तर माझा मूळ अर्जच सापडेना. मी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला नव्हता, त्यामुळे अर्ज दिल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नव्हता आणि सारे पुन्हा लिहून द्यावे लागले. तोवर १५ ऑक्टोबर उलटून गेला, पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागली, आणि “बाई, आपण कधी जायचं?” या मुलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सुटका एका वाक्याने झाली. “शिक्षण कार्यालयाच्या परवानगीच्या अधीन राहून संमती देण्यात येत आहे,” असे पत्र द्याल का, अशी विनंती मी ग्रंथपालांना केली आणि त्यांनी ते त्याच दुपारी दिले. चार दिवसांत परवानगी आली. हे वाक्य मला सुचले याचा अभिमान वाटतो. आपण पहिल्याच अर्जात ते मागून घ्यावे.

तारीख ठरवण्यापूर्वी ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी विचारावी. वाचन प्रेरणा दिनाचा हट्टही धरू नये, कारण त्या दिवशी ग्रंथालयांचे स्वतःचे कार्यक्रम असतात.

आम्ही २४-२४ मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी बालविभागात वाचत बसली, तर दुसरीला ग्रंथपालांनी दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात नोंदवताना मिळणारा क्रमांक) आणि वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक) यांतील फरक दाखवला. वर्गांक ज्यावरून ठरतात त्या दशांश वर्गीकरणात ५०० पासून विज्ञान आणि ९०० पासून इतिहास-भूगोल सुरू होतो, हे कळताच मुले क्रमांकांवरून कपाटे शोधू लागली. शहरातील पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे आहे, हे आदल्या दिवशी वर्गात सांगितल्यामुळे जुन्या पुस्तकांविषयी त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले.

एक गोष्ट राहून गेली. बालसभासदत्वाच्या अर्जावर पालकांची सही लागते, म्हणून ते कोरे अर्ज संमतीपत्रांसोबतच घरी पाठवावेत. आमच्या नऊ मुलांना सभासद व्हायचे होते, पण सहीअभावी त्या दिवशी त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.